मार्गदर्शकासह एकदिवसीय तीर्थभेट : जुने गोवे येथील बॉम जिझस बॅसिलिकेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भारतीय समाजजीवनात तीर्थयात्रेला प्राचीन काळापासून महत्त्वाचे स्थान आहे. नागपूर परिसरापुरता विचार केला तरी रामटेकचा गड, ताजबाग येथील ताजुद्दीन बाबांचा दर्गा आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे जगभर ओळखली जाणारी दीक्षाभूमी अशी तीन भिन्न परंपरांची श्रद्धास्थाने एकाच दिवसात पाहता येतात. या स्थळी येणाऱ्यांत भाविक असतात, तसेच केवळ पाहण्यासाठी आलेलेही असतात. कित्येकदा एकाच व्यक्तीच्या ठिकाणी या दोन्ही भूमिका एकत्र नांदतात.

ख्रिस्ती धर्मातही तीर्थयात्रेची परंपरा जुनी आहे. जेरुसलेम व रोम ही तिची आद्य केंद्रे होत. आधुनिक काळात फ्रान्समधील लूर्द (१८५८) आणि पोर्तुगालमधील फातिमा (१९१७) ही मरियामातेची तीर्थस्थाने विशेष प्रसिद्धीस आली. लिस्बनहून खासगी वाहन व मार्गदर्शक घेऊन सकाळी फातिमाला जाणे आणि सायंकाळी परतणे हा आता तेथील पर्यटन व्यवसायाचा रूढ प्रकार झाला आहे. भारतात याच स्वरूपाची सहल प्रामुख्याने गोव्यात आढळते. विदर्भातून गोव्याला जाणारे कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम करते आणि एक दिवस मोटार व मार्गदर्शक ठरवून जुने गोवे पाहून येते. या एका दिवसात त्या कुटुंबाला नेमके काय समजते आणि काय समजावयास हवे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

१९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार, विशेष भक्तिभावाने भाविक जेथे मोठ्या संख्येने यात्रेला येतात आणि ज्याला स्थानिक धर्माधिकाऱ्याची मान्यता असते, असे चर्च किंवा पवित्र स्थान म्हणजे तीर्थमंदिर होय. 'बॅसिलिका' ही पोपने एखाद्या चर्चला दिलेली सन्मानाची पदवी आहे, तर 'कॅथेड्रल' हे बिशपचे अधिकृत आसन असलेले चर्च असते. जुन्या गोव्यात रस्त्याच्या दोन बाजूंना बॉम जिझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल समोरासमोर उभी आहेत. 'से' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच आसन असा आहे. हा भेद माहीत नसल्यामुळे दोन्ही वास्तू 'मोठे चर्च' या एकाच नावाखाली पाहिल्या जातात.

मार्गदर्शक या भूमिकेचे विवेचन समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९८५ साली केले. त्यांच्या मते आधुनिक मार्गदर्शकाची भूमिका दोन जुन्या भूमिकांतून घडली आहे. एक वाटाड्याची, म्हणजे अनोळखी प्रदेशात वाट दाखविणाऱ्याची. आणि दुसरी गुरूची, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगणाऱ्याची. भारतीय परंपरेत त्र्यंबकेश्वर, काशी वा गया येथील क्षेत्रोपाध्याय या दोन्ही भूमिका पार पाडत आले आहेत. यजमानाच्या उतरण्याची सोय करणारे, विधी सांगणारे आणि वहीत त्याच्या पूर्वजांची नावे जपणारे ते क्षेत्राचेच घटक असतात. खासगी मार्गदर्शकाचे स्थान याहून वेगळे आहे. त्याला क्षेत्राने नेमलेले नसते. प्रवाशाने मोबदला देऊन ठरविलेले असते. त्यामुळे प्रवाशाला रुचेल तेच सांगण्याकडे त्याचा कल होऊ शकतो. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यान्वये मार्गदर्शकाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीमुळे व्यवसायाला शिस्त लागते. कथनाची सत्यता मात्र मार्गदर्शकाच्या अभ्यासावर आणि सचोटीवरच अवलंबून राहते.

स्थळाची पार्श्वभूमी

पणजीपासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर मांडवी नदीच्या काठी जुने गोवे वसलेले आहे. अफोन्सो दे अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर आदिलशाहीकडून जिंकले. तो संत कॅथरिन यांचा सण असल्यामुळे पुढे से कॅथेड्रल त्यांनाच अर्पण करण्यात आले. सोळाव्या शतकात हे शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली येथील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. पुढे साथींच्या रोगांमुळे शहर ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला निवास पणजीकडे हलविला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरे व बाजार नाहीसे झाले; चर्च व मठ तेवढे उरले. १९८६ साली या वास्तूंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

बॉम जिझस चर्चच्या बांधकामाचा आरंभ २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाला आणि १५ मे १६०५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. भिंतींसाठी स्थानिक जांभा दगड वापरलेला असून दर्शनी भागातील काळा दगड वसईहून आणलेला आहे. १९४६ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. आज तिचा जो तांबूस, उघडा जांभा दिसतो ते तिचे मूळ रूप नव्हे. पूर्वी भिंतींवर चुन्याचा गिलावा होता; तो १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असल्यामुळे गोव्याच्या पावसात उघड्या भिंतींची झीज होते आणि गिलावा पुन्हा करावा की नाही हा संवर्धनातील वादाचा विषय झाला आहे. वास्तूच्या 'प्राचीन' दिसण्याचे कौतुक करणाऱ्या प्रवाशाला ही एक गोष्ट सांगितली, तरी त्याची पाहण्याची दृष्टी बदलते.

संत फ्रान्सिस झेवियर आणि पवित्र अवशेष

या बॅसिलिकेला तीर्थाचे महत्त्व प्राप्त झाले ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांमुळे. त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार प्रांतातील झेवियर येथे झाला. इग्नेशियस लोयोला यांच्यासह येशूसंघाची स्थापना करणाऱ्यांपैकी ते एक होत. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात आले. मात्र त्यांचे गोव्यातील वास्तव्य सलग नव्हते. दक्षिणेकडील मच्छीमारांची किनारपट्टी, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असा त्यांचा संचार झाला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांचा मृत्यू झाला. तेथे पुरलेले शरीर काही महिन्यांनी बाहेर काढले असता ते फारसे बिघडले नसल्याचे आढळले. ते प्रथम मलाक्का येथे व पुढे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आले. १६२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले आणि १६२४ पासून त्यांचे अवशेष बॉम जिझस येथे आहेत.

चांदीची पेटी गोव्यातील कारागिरांनी १६३६-३७ च्या सुमारास घडविली. पेटीखालील संगमरवरी समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची भेट असून फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याची ती निर्मिती होय. १६९८ मध्ये ती येथे उभारण्यात आली. समाधीच्या चार बाजूंना कांस्यपट्ट असून त्यांत संतांच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. पेटी उंचावर असल्याने जमिनीवरून तिच्यातील अवशेष जवळून दिसत नाहीत. दूरवरून आलेल्या प्रवाशाची येथे निराशा होते, कारण काहीतरी विलक्षण दृश्य पाहावयास मिळेल अशी त्याची समजूत करून दिलेली असते.

'ममी', 'न कुजणारे शव', 'अजून वाढणारी नखे' अशी वर्णने या अपेक्षेला खतपाणी घालतात. वस्तुस्थिती अशी की उजवा हात १६१४ मध्ये रोमला पाठविण्यात आला, अवशेषांचे अन्य भागही वेगळे करण्यात आले आणि उरलेले शरीर काळाच्या ओघात सुकून गेले आहे. भाविकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व शरीराच्या अवस्थेत नसून ज्यांचे ते शरीर आहे त्या व्यक्तीच्या जीवनात आहे. ही कल्पना नागपूरच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन केलेल्या आहेत आणि ताजबागेत बाबांच्या मजारीवर चादर चढविली जाते. बौद्ध परंपरेतील धातुपूजा, सूफी परंपरेतील मजारीचा आदर आणि कॅथलिक परंपरेतील अवशेषांविषयीची भक्ती यांचे तात्त्विक आधार भिन्न आहेत. परंतु थोर व्यक्तीच्या देहावशेषांजवळ तिचे सान्निध्य शोधण्याची मानवी प्रेरणा समान आहे. असा एखादा परिचित दाखला मार्गदर्शकाने दिल्यास कुतूहलाची जागा समज घेऊ शकते.

बॅसिलिकेत शिरताच समोर दिसणाऱ्या सोनेरी वेदीविषयीही गैरसमज आढळतो. तेथील भव्य मूर्ती झेवियर यांची नसून इग्नेशियस लोयोला यांची आहे. तिच्या खाली बाळ येशूची लहान मूर्ती असून 'बॉम जिझस' म्हणजे 'चांगला येशू' हे चर्चचे नाव त्याच्याशी निगडित आहे. वर तेजोवलयात येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आणि सर्वांत वर पवित्र त्रैक्य आहे. नजर खालून वर नेली की येशूसंघाची शिकवण क्रमाने वाचता येते. नागपूरकरांच्या बाबतीत आणखी एका खुलाशाची गरज असते. नागपुरातील सदर भागातील कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे. ते जिनिव्हाचे बिशप होते. त्यांच्याच नावाने १८३८ मध्ये फ्रान्समधील आन्सी येथे स्थापन झालेल्या संघाच्या धर्मगुरूंनी मध्य भारतात कार्य केले आणि १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत अस्तित्वात आला. दोन्ही संत फ्रान्सिस असले तरी व्यक्ती व काळ वेगळे आहेत.

शवप्रदर्शन सोहळा आणि नित्य उपासना

अवशेषांचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन १७८२ मध्ये झाले. १९६४ पासून दर दहा वर्षांनी हा सोहळा होत आला आहे. गोव्यातील मराठी वृत्तपत्रांत तो 'शवप्रदर्शन सोहळा' या नावाने ओळखला जातो. अठरावा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. या वेळी अवशेष मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवले जातात आणि दर्शनासाठी रांगा लागतात. याखेरीज दरवर्षी ३ डिसेंबरला फेस्त असते व त्यापूर्वी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना होतात. बेळगाव व सिंधुदुर्ग भागातून काही भाविक या काळात पायी चालत येतात. 'गोंयचो सायब' म्हणून संतांना मानणाऱ्यांत अनेक हिंदू कुटुंबेही आहेत. चर्चबाहेर मेणबत्त्यांसोबत मेणाचे हात, पाय व अन्य अवयव विकावयास असतात. आजारातून मुक्तता मागण्यासाठी किंवा नवस फेडण्यासाठी ते अर्पण केले जातात. नवसाची ही रीत मराठी समाजाला पूर्णपणे परिचित आहे.

यावरून लक्षात येते की बॉम जिझस हे केवळ स्मारक नाही. तेथे मिस्सा होते, पापनिवेदन होते, गुडघे टेकून प्रार्थना होते. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर व एडिथ टर्नर यांनी १९७८ साली ख्रिस्ती यात्रांच्या अभ्यासात असे दाखवून दिले की यात्रेकरू आणि पर्यटक यांच्यातील सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नसते. तथापि, सीमारेषा धूसर असली तरी प्रार्थनेचा हक्क प्रथम उपासकाचा असतो. आवाज खाली ठेवणे, खांदे व गुडघे झाकणारा पेहराव करणे, मिस्सा चालू असताना वेदीसमोरून न फिरणे, छायाचित्रणाविषयीच्या सूचना पाळणे या गोष्टी मार्गदर्शकाने मोटारीतच सांगितल्या पाहिजेत. दारात पोहोचल्यावर सांगितलेली शिस्त अपमानासारखी वाटते. आधी सांगितलेली शिस्त त्या स्थळाची ओळख ठरते.

एका दिवसाचा क्रम आणि त्यातील दुवा

प्रचलित सहलीत सकाळी बॉम जिझस, से कॅथेड्रल, असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे चर्च व त्यालगतचे पुरातत्त्व संग्रहालय, संत कायतान चर्च आणि संत ऑगस्टीन मठाचा भग्न मनोरा पाहिला जातो. दुपारनंतर फोंडा तालुक्यात जाऊन मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा किंवा कवळ्याची शांतादुर्गा यांचे दर्शन घेतले जाते. सकाळी चर्च आणि दुपारी देऊळ अशी ही विभागणी सोयीसाठी केलेली दिसते. प्रत्यक्षात या दोन स्थळसमूहांना जोडणारा एक ऐतिहासिक दुवा आहे आणि बहुतेक सहलींत तोच अनुल्लेखित राहतो.

१५४० नंतर तिसवाडी बेटावरील आणि १५६० च्या दशकात बारदेश व साष्टी येथील देवालये पोर्तुगीज सत्तेच्या आज्ञेने पाडण्यात आली. भाविकांनी आपल्या देवता नदीपार, त्या वेळी आदिलशाही अमलाखाली असलेल्या फोंडा महालात नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. म्हणजे दुपारी पाहिलेली देवळे जेथे आहेत तेथे का आहेत, याचे उत्तर सकाळी पाहिलेल्या शहराच्या इतिहासात आहे. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधला अल्प काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात अशा न्यायालयाची मागणी केली होती; ते प्रत्यक्षात त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आले.

हा भाग सांगताना मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. तो गाळल्यास जुने गोवे केवळ सुंदर इमारतींचे उद्यान होते आणि देवदर्शन त्यापासून तुटलेले राहते. केवळ तोच सांगितल्यास समोर गुडघे टेकून बसलेली गोमंतकीय स्त्री त्या सत्तेची प्रतिनिधी असल्यासारखी वाटू लागते. पहिल्यात इतिहासावर अन्याय आहे, तर दुसऱ्यात वर्तमानातील माणसावर. सोळाव्या शतकातील राजाज्ञा आणि आज पिढ्यान्‌पिढ्या जपलेली श्रद्धा यांत अंतर ठेवून दोन्ही सांगणे हाच योग्य मार्ग होय. ज्या मराठी कुटुंबाची कुलदेवता मंगेश वा शांतादुर्गा आहे आणि ज्या गोमंतकीय कुटुंबाची श्रद्धा 'गोंयच्या सायबा'वर आहे, ती दोन्ही कुटुंबे एकाच इतिहासाची वारस आहेत.

या इतिहासाला मराठी भाषेचाही एक धागा आहे. इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' यासारखे श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द योजलेले आहेत. परक्या धर्माचा आशय श्रोत्याच्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आजच्या मराठी मार्गदर्शकालाही बरेच शिकवून जातो. अर्थात हा ग्रंथ ज्या काळात लिहिला गेला त्याच काळात देवळेही पाडली जात होती, हेही विसरता येत नाही.

संत ऑगस्टीन मठाचे अवशेष याच दृष्टीने बोलके आहेत. तेथील उत्खननात सापडलेल्या अस्थी जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या असल्याच्या निष्कर्षाला २०१३ मध्ये जनुकीय चाचणीने पुष्टी मिळाली. इराणमध्ये १६२४ साली धर्मत्याग नाकारल्यामुळे तिचा वध झाला होता आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. धर्मासाठी छळ सोसलेल्या स्त्रीच्या अस्थी, जेथे धर्मासाठी इतरांचा छळ झाला अशा शहरात जपल्या गेल्या, हे या स्थळाचे गुंतागुंतीचे वास्तव आहे.

निष्कर्ष

१. एकदिवसीय तीर्थभेटीत वेळ मर्यादित असल्याने स्थळांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांतील संबंध स्पष्ट करणे अधिक उपयुक्त ठरते. चार चर्च न पाहता दोन पाहिली तरी चालतील. जुने गोवे व फोंडा यांतील दुवा मात्र सांगितला गेला पाहिजे.

२. खासगी मार्गदर्शकाने वाटाड्या आणि अर्थ सांगणारा अशा दोन्ही भूमिका पार पाडणे अपेक्षित आहे. अद्भुत कथांचा आधार घेतल्यास प्रवाशाची निराशा होते आणि भाविकाच्या श्रद्धेचेही अवमूल्यन होते.

३. तीर्थमंदिर हे जिवंत उपासनास्थान आहे, ही जाणीव भेटीपूर्वीच करून द्यावी. प्रार्थनेच्या वेळा सांभाळून सहलीचा क्रम ठरवावा.

४. प्रवाशाच्या स्वतःच्या परंपरेतील परिचित दाखल्यांचा उपयोग करावा. परंतु साम्य दाखविताना भेद पुसून टाकू नयेत.

५. महाविद्यालयीन सहलींपूर्वी इतिहास व भाषा विभागांनी एखादे व्याख्यान आयोजित केल्यास मार्गदर्शकाचे काम सुकर होईल आणि विद्यार्थी त्याला योग्य प्रश्न विचारू शकतील.

समारोप

एका दिवसात कोणतेही तीर्थ पूर्णपणे समजत नाही. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी कसे उभे राहावे हे एका दिवसात शिकता येते. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर आणि उर्साच्या वेळी ताजबागेत येणाऱ्या परक्या पाहुण्याने कसे वागावे, काय जाणून घ्यावे आणि कोणत्या गोष्टीची चेष्टा करू नये, याविषयी नागपूरकरांच्या काही स्पष्ट अपेक्षा असतात. जुन्या गोव्यात पाहुणा म्हणून जाताना त्याच अपेक्षा त्यांनी स्वतःकडून बाळगल्या पाहिजेत. त्या पूर्ण करण्यास साहाय्य करणे आणि अप्रिय इतिहासही निर्वैरपणे सांगणे, यातच मार्गदर्शकाच्या व्यवसायाचे सामाजिक मूल्य आहे.